बंडखोरांची आज्ञाधारक घरं

पानशेतच्या पुराच्या मागेपुढे पुण्यात जन्मलेल्या आम्हा मराठी ख्रिस्ती मुलांच्या कानांवर 'आज्ञापालन' हा शब्द जितका पडला, तितका बहुधा 'अभ्यास'ही पडला नसेल. शब्बाथ शाळेत तो होता, घरच्या प्रार्थनेत होता, नाताळच्या नाटुकल्यात होता. अब्राहामाने ऐकलं, शमुवेलाने ऐकलं, मरीयेने ऐकलं. योना ऐकेना, तर त्याचं काय झालं ते माशाला विचारा. गंमत अशी की ज्यांच्या तोंडून आम्ही हे ऐकत होतो, त्यातल्या बहुतेकांच्या घराण्याची सुरुवात कुणीतरी घरची आज्ञा मोडण्यापासून झाली होती. कुणाचे पणजोबा बापाशी भांडून बाप्तिस्मा घ्यायला गेले होते. कुणाची पणजी दुष्काळात केडगावला पंडिता रमाबाईंकडे पोचली आणि पुन्हा गावी गेलीच नाही. वाडवडिलांचा देव, जात, गावकी हे सगळं ओलांडून आलेल्या माणसांनी आपल्या नातवंडांना ऐकायला शिकवलं, आणि नातवंडंही बऱ्यापैकी ऐकत होती. हे त्यांना जमलं कसं, याचं मला अजून नवल वाटतं.

आमचं बिऱ्हाड गुरुवार पेठेत, पंच हौदाजवळ. पवित्र नाम देवालयाचा उंच मनोरा गच्चीवरून दिसायचा आणि इंग्लंडमध्ये ओतलेल्या त्याच्या घंटा घरात बसून ऐकू यायच्या. आजोबांचं घराणं इथलंच, कौली फादरांच्या मिशनमध्ये वाढलेलं, म्हणजे अँग्लिकन. आजी नगरकडची, अमेरिकन मराठी मिशनची. त्यामुळे घरातच दोन पंथ. प्रार्थनेला आजोबा गुडघे टेकायचे, आजी मांडी घालून बसायची. आम्ही मुलं ज्याच्या शेजारी जागा मिळेल त्याच्यासारखी बसायचो. 1970च्या नोव्हेंबरात नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना होऊन वेगवेगळ्या मंडळ्या एक झाल्या, तेव्हा आजी म्हणाली, "आता जाग आली का यांना? आमच्या स्वयंपाकघरात ते केव्हाच झालंय."

पंच हौद मिशनचं नाव पुणेकरांना आठवतं ते चहामुळे. 1890 साली तिथल्या एका सभेनंतर रानडे, लोकमान्य टिळक वगैरे मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली, गोपाळ विनायक जोशींनी उपस्थितांची नावं छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. त्या ग्रामण्यात, म्हणजे जातबहिष्काराच्या वादात, शेवटी भल्याभल्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. आमचे आजोबा ही गोष्ट फार रंगवून सांगत. एवढी मोठी माणसं, सरकारला न भिणारी, पण चहाच्या कपाने अडली. आणि मग चष्मा पुसत म्हणत, "त्यांना हसू नका. धर्मपीठापुढे मान झुकवण्याचा प्रसंग आपल्यावरही येतो. प्रश्न एवढाच, की समोरच्याला तो मान आहे का."

तो मान कुणाला होता, हे सांगायचं तर घरापासूनच सुरुवात करावी लागेल.

संध्याकाळची प्रार्थना जेवणाआधी. याचा सरळ अर्थ असा की प्रार्थना झाल्याखेरीज ताट नाही. चटई अंथरली जायची, काळ्या पुठ्ठ्याचं जाड पवित्र शास्त्र मध्ये यायचं आणि ज्याला वाचता येतं त्याने एकेक वचन वाचायचं. वाचायला नुकतं शिकलेल्या धाकट्या भावाच्या वाट्याला नेमकं नबुखद्नेस्सर यायचा. तो नावाच्या मध्यावर पोचेपर्यंत स्वयंपाकघरातली आमटी निवून जायची, पण त्याला कुणी मदत करायची नाही, कारण आजोबांचा तसा दंडक होता. नंतर उपासना संगीतातलं एक गीत. पेटी वाजवायला मामा असला तर बरं, नाहीतर आजी टाळ घ्यायची. त्या पुस्तकात गीताच्या डोक्यावर साकी, दिंडी, अभंग अशी चाल छापलेली असे आणि निम्म्याहून अधिक वेळा आमच्या वाट्याला रेव्हरंड टिळकांचंच गीत येई. शेवटी आजोबांची प्रार्थना. ती लांब असे. तीत बिशपसाहेबांपासून कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत सगळ्यांची नावं येत आणि दिवसभरात आम्ही काय काय केलं तेही देवाच्या कानावर घातलं जाई. "प्रभो, आज या घरात कुणीतरी खोटं बोललं, त्याला धैर्य दे." त्या 'कुणीतरी'ला पुढचा घास गिळणं कठीण व्हायचं. छडीपेक्षा हे वाईट होतं, असं माझं आजही मत आहे.

पण एक गोष्ट होती. आठवड्यातून एकदा, शनिवारी, आजोबा त्याच प्रार्थनेत स्वतःचं माप काढायचे. आजीवर आवाज चढवला, दप्तरातल्या शिपायाला विनाकारण बोललो, उधारी वेळेवर दिली नाही. आम्हा मुलांसमोर. चाळीतल्या दुसऱ्या कुठल्या घरात बाप किंवा आजोबा मुलांच्या देखत असं बोलत असेल, असं मला वाटत नाही. आजोबांचा धाक होताच, पण शनिवारच्या त्या पाच मिनिटांनंतर त्यांचं म्हणणं टाळावंसं वाटत नसे.

घराबाहेरचा अधिकार म्हणजे पाळकसाहेब. सायकलवरून येत, पँटच्या पायाला क्लिप लावलेली, कॅरियरला काळी पिशवी. पिशवीत प्रभुभोजनाचं सामान, आजाऱ्यांसाठी. कुणाच्याही घरी शिरताना दारातून "जय ख्रिस्त" म्हणत आणि जी वस्तू आधी पुढे येई तिच्यावर बसत: खुर्ची, पोतं, उंबरा. आईला याचा फार राग. खुर्ची पुसेपर्यंत ते पोत्यावर बसलेले असायचे. त्यांचं उपदेशाचं भाषण फारसं रंगायचं नाही. सोळा आणे खरं सांगायचं तर झोप यायची. तरी त्यांनी "रविवारी दिसला नाहीस" एवढं म्हटलं तरी मोठमोठे बाप्ये खाली बघायचे.

त्याचं कारण आम्हाला फार उशिरा कळलं, आणि कळलं ते त्यांची बदली झाली तेव्हा. बिशपांचं पत्र आलं की पाळकाने जायचं, ही आमच्या मंडळीची रीत. मुलगी मॅट्रिकला होती, पाळकबाईंना दम्याचा त्रास होता आणि बदलीचं गाव पार आडवाटेला. मंडळीच्या पंचांनी अर्ज लिहिला, सह्या गोळा केल्या. पाळकसाहेबांनी तो अर्ज घेतला, वाचला, घडी घालून खिशात ठेवला. "मी रविवारी तुम्हाला काय सांगत आलो इतकी वर्षं? आणि माझ्यावर वेळ आली की सह्या?" हातगाडीवर सामान चढलं: दोन ट्रंका, एक पलंग, पुस्तकांचं खोकं, तुळशीसारख्या जपलेल्या पुदिन्याची कुंडी. मुलगी आमच्या घरी राहून मॅट्रिक झाली. पुढे त्याच मंडळीत त्यांच्याहून कितीतरी छान बोलणारे पाळक आले. सायकल गेली, स्कूटर आली. पण ती हातगाडी ज्यांनी पाहिली त्यांना आज्ञापालनावर वेगळं प्रवचन लागलं नाही.

पाळकबाईंचं राज्य वेगळं होतं. महिला मंडळ, आजाऱ्यांना पेज पोचवणं, नव्या सुनेला पेटीवर चार सूर शिकवणं आणि मूठधान्य. मूठधान्य ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताला तांदूळ मापून घेतले की त्यातली एक मूठ परत काढायची आणि वेगळ्या डब्यात टाकायची. महिन्याच्या शेवटी डबा देवळात. आमच्या आजीचा डबा डालड्याचा होता, झाकणाला चीर पाडलेली नव्हती, कारण मूठ आत जायला हवी. 1972च्या दुष्काळात रेशनवर मिलो जातीची ज्वारी मिळू लागली आणि घरोघरी माणसं तोंडं वाकडी करून ती खाऊ लागली, तेव्हा आईने विचारलं होतं की या वर्षी मूठ बंद केली तर चालेल का. पाळकबाई म्हणाल्या, "चालेल की. तुझ्या घरी कमी पडत असेल तर उलट मीच आणून देते." आईने मूठ बंद केली नाही. आणि त्या खरोखरच दोन घरी डबे घेऊन गेल्या होत्या, हे आम्हाला शेजाऱ्यांकडून कळलं. त्यांच्या स्वतःच्या घरी तेव्हा कसं चाललं होतं, ते विचारायचं कुणाला सुचलं नाही.

उत्तम शुक्रवारची तीन तासांची भक्ती हा आम्हा मुलांच्या आज्ञापालनाचा वार्षिक कस. बारा ते तीन, एप्रिलचं ऊन, वधस्तंभावरचे सात उद्गार आणि प्रत्येकावर एक प्रवचन. देवळाबाहेर रांजण भरून ठेवलेला. मुलांनी पाणी प्यायला कुणाची मनाई नव्हती. पण समोर उभा असलेला माणूस तीन तास बोलतोय, घामाने झगा पाठीला चिकटलाय आणि पाण्याला हात लावत नाही, हे बघितल्यावर आमच्यातला एखादाच उठायचा. तो परत आला की आम्ही त्याच्या ओठांकडे बघायचो.

प्रभुभोजनाच्या पेल्याचा कस मात्र सगळ्यात मोठा. आमच्याकडे एकच पेला, सगळ्यांनी त्यातूनच घ्यायचं. पाळकसाहेब दर माणसानंतर काठ पांढऱ्या फडक्याने पुसत आणि पेला जरासा फिरवून पुढच्याच्या ओठांना लावत. या पेल्यापाशी कोण कोण गुडघे टेकून बसलेलं असायचं, हे आज सांगावंसं वाटतं. आमची मंडळी म्हणजे बहुतेक गावकुसाबाहेरून आलेली घरं. त्यात चार-दोन ब्राह्मण आणि मराठा घराणी. बाप्तिस्म्याने आडनावं गेली नाहीत आणि आडनावांबरोबर येणारं बाकीचं सगळंही लगेच गेलं नाही. सोयरीक ठरवताना ते बरोबर डोकं वर काढायचं. आजी सांगे की तिच्या लहानपणी नगरकडे एका वडीलधाऱ्या बाई पेल्याला नुसते ओठ लावल्यासारखं करून उठायच्या. कुणी त्यांना काही बोललं नाही. तिथल्या पाळकांनी फक्त एक केलं: पुढच्या वेळी ते स्वतः सगळ्यात शेवटी, ज्याला त्या बाई दूर ठेवत त्याच्यानंतर, त्या बाईंच्या देखत प्यायले. दोनेक वर्षांनी बाई नीट पिऊ लागल्या. आजीच्या दृष्टीने पाळकपण म्हणजे हे. मी मात्र तिला विचारत असे की त्या दोन वर्षांत तो शेवटी बसणारा माणूस काय करत होता. आजीकडे त्याचं उत्तर नव्हतं.

आजीची दोन दैवतं होती, असं म्हटलं तर ती रागावली असती, पण होती. एक पंडिता रमाबाई आणि दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. दोघींच्या गोष्टी ती सांगायची त्या आज्ञापालनाचा धडा म्हणून. आणि गोष्ट जसजशी पुढे जाई तसतसा धडा भलतीकडेच जाई.

रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या, वॉन्टेजच्या सिस्टरांकडे राहिल्या आणि तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. याच सिस्टर आमच्या पंच हौदात शाळा-दवाखाना चालवत, म्हणून ही गोष्ट आम्हाला घरचीच. आता अशा बाईने गुरुस्थानी असलेल्यांचं निमूट ऐकावं, ही अपेक्षा. पण रमाबाई प्रश्न विचारत सुटल्या. क्रुसावर लॅटिनच का, संस्कृत का नको? मी पुरुषांना शिकवलं तर बिशपांना काय अडचण? त्रैक्याचं मत मला शास्त्रात दाखवा. सिस्टर जेराल्डीन यांना त्यांनी पत्रांतून स्पष्टच कळवलं की एका पुरोहितशाहीचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता दुसरं चढवून घेणार नाही. आजी हे सांगताना स्वतःच्याच मानेवर हात फिरवायची.

पुढे त्यांनी शारदा सदन काढलं, 1889 साली मुंबईत, आणि वर्षभराने ते पुण्यात आणलं. विधवा मुलींसाठी शाळा, धर्मांतराची सक्ती नाही, असा शब्द दिलेला. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थनेला बसत आणि दार उघडं ठेवत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ झाला. दार लावून घ्या, असं सांगण्यात आलं. त्यांनी लावलं नाही, आणि कुणाला आत बोलावलंही नाही. 1893 साली रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या. आपल्या शहराच्या इतिहासात हे प्रकरण सहसा धर्मांतराच्या वादाचं म्हणून सांगितलं जातं आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे; दिलेला शब्द नेमका कुठपर्यंत जातो, हा रानड्यांचा प्रश्न काही पोकळ नव्हता. पण आजीला त्यात दिसे ते उघडं दार. ती म्हणे, "ओढून नेलेलं माणूस देवाच्या काय उपयोगाचं?"

केडगावला आम्हाला ती दौंडच्या पॅसेंजरने घेऊन जायची. रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं आवार, विहिरी, छापखाना. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्यासाठी रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं दिली आणि त्याचे खिळे तिथल्याच बायकांनी जुळवले. रमाबाई गेल्या 1922 साली. याच आवारात 1905 साली त्यांनी रोज प्रार्थनेला बसायला कोण तयार आहे एवढंच विचारलं होतं, आणि सत्तर जणी पुढे आल्या. हुकूम निघाला नव्हता. काही महिन्यांत तिथे जी जागृती झाली तिच्या बातम्या जगभर गेल्या. रात्र रात्र चालणारा तो आक्रोश, ते अंगात आल्यासारखं होणं, यावर आमचे आजोबा साशंक होते. अँग्लिकन माणूस, त्यांना सगळं पुस्तकातल्या क्रमाने लागे. आजी गप्प बसून राही. तिच्या आईने ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

लक्ष्मीबाईंची गोष्ट तर आमच्या घरात इतक्यांदा वाचली गेली की 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्राची आमची प्रत मधोमध उसवली. 1895 साली त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे उपासना संगीतातल्याच रेव्हरंड टिळकांनी, बायकोला न सांगता मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागोमाग बायकोने जावं, हा तर दोन्ही धर्मांचा सोयीस्कर नियम. लक्ष्मीबाई गेल्या नाहीत. माहेर-सासरच्या माणसांत राहिल्या, रडल्या, भांडल्या, आणि पुढे मुलाला घेऊन टिळकांकडे आल्या तेव्हाही आपली चूल आणि सोवळं वेगळं ठेवून राहिल्या. आधी त्यांच्या मनातून जातिभेद गेला आणि मागून ख्रिस्त आला. 1900 साली त्यांनी स्वतःच्या पायांनी जाऊन बाप्तिस्मा घेतला. तोवर टिळकांनी वाट पाहिली. संतापी माणूस, पगार हातात आला की वाटून टाकणारा, पण या एका बाबतीत थांबला. आणि 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' मांडला, तेव्हा गोऱ्या साहेबांच्या मिशनची आज्ञा न मानणाऱ्यांत ते स्वतःच पुढे होते. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो असं सांगणारा कवी कुणाच्या हाताखाली किती दिवस राहणार!

नीलकंठशास्त्री गोऱ्ह्यांचंही आजोबा सांगत. काशीचे विद्वान पंडित, पुढे फादर नेहेम्या गोऱ्हे, पंच हौदात वास्तव्य. मोठमोठ्यांच्या शंका फेडणारा माणूस. स्वतःच्या मनातल्या शंका मात्र संपत नव्हत्या, म्हणून कौली फादरांच्या संघात वर्षानुवर्षं उमेदवारच राहिले. "आपल्या देवळात असा माणूस होऊन गेला," आजोबा अभिमानाने म्हणत. शंका असलेल्या माणसाचा अभिमान बाळगणारे तेच आजोबा आम्हाला मात्र प्रार्थनेत चुळबुळ करू देत नसत.

दृढीकरणाच्या वर्गात या सगळ्याची गाठ पडली. बिशपांनी डोक्यावर हात ठेवण्याआधी दहा आज्ञा, मतांगीकार, प्रभूची प्रार्थना तोंडपाठ हवी. शनिवारी दुपारी देवळाच्या बाजूच्या खोलीत आम्ही आठ-दहा जण. पाचव्या आज्ञेवर आलो: आईबापांचा मान राख. नाना पेठेतली माझी कॅथलिक मैत्रीण हिलाच चौथी म्हणायची आणि आमचं यावर भांडण झालेलं होतं. मोजण्याची रीत वेगळी, आज्ञा तीच. त्या दिवशी आमच्यातल्या एकाने विचारलं, "मग माझ्या पणजोबांनी ही आज्ञा मोडली का? ते बापाला सोडून आले." खोलीत शांतता. पाळकसाहेब म्हणाले, "मोडली. त्यांनाही ते ठाऊक होतं. आणि पहिला पगार झाल्यापासून ते दर महिन्याला गावी मनीऑर्डर करत. ती परत यायची. पुढच्या महिन्याला ते पुन्हा करायचे." थोडं थांबून म्हणाले, "बाप गेला त्या वर्षीपर्यंत." मग पुढची आज्ञा घेतली. त्या पोराच्या घरी हे कुणाला माहीतही नव्हतं. आधीच्या कुठल्यातरी पाळकाने नोंदवहीत लिहून ठेवलेलं यांनी वाचलं होतं.

सगळंच गोड होतं असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही. आज्ञापालनाचा मोठा भार मुलींवर होता. लग्नाच्या भक्तीत इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातून बायकांनी पतीच्या अधीन असावं हे ठासून वाचलं जाई आणि पतींना घातलेली अट, जी त्याहून कितीतरी अवघड आहे, ती घाईत उरकली जाई. आमच्या घरी ते चालायचं नाही. आजोबा त्या अध्यायावर आले की आजी म्हणायची, "थांबू नका, पुढचं वाचा." ते वाचत. पण घरोघरी आजी नव्हती. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला नर्सिंगला जायचं होतं. पंचांपैकी एकाने बापाला सांगितलं की स्थळ चांगलं आहे, आणि प्रश्न मिटला. पुण्यातल्याच एका मंडळीत जातीबाहेर नव्हे, तर धर्माबाहेर लग्न केलं म्हणून एका मुलाच्या अख्ख्या कुटुंबाचं प्रभुभोजन कित्येक महिने बंद होतं. ती माणसं दर रविवारी यायची, शेवटच्या बाकावर बसायची, आणि पेल्याची वेळ झाली की खाली मान घालायची. त्यांनी आज्ञा पाळली असंच म्हणावं लागेल. ज्यांनी ती दिली त्यांच्याविषयी मला आदराने लिहिता येत नाही.

कीर्तनाची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. कृष्णा रत्नाजी सांगळ्यांच्या वेळेपासून मराठी ख्रिस्ती मंडळीत कीर्तनं होत आलेली. थंडीत आवारात बत्ती लावून बुवा उभे राहत, उपरणं, चिपळ्या, मागे पेटी-तबला. आख्यान हमखास उधळ्या पुत्राचं. डुकरांचा चारा खाणारा पोरगा बुवा असा उभा करत की हसून हसून पोट दुखे, आणि मग बाप धावत येतो तिथे बायाबापड्या पदर डोळ्यांना लावत. हिंदू शेजारीही येऊन बसायचे. मला तेव्हा थोरल्या भावाचं वाईट वाटे. आयुष्यभर ऐकलं त्याने, आणि पुष्ट वासरू कापलं ते न ऐकणाऱ्यासाठी. एकदा बुवांना जाऊन तसं म्हटलं. ते म्हणाले, "त्या थोरल्यासाठीच तर कीर्तन आहे, बाळ. धाकट्याला कधीच कळलं."

आता आमची मुलं-नातवंडं बालेवाडी, वडगाव शेरीकडे पांगली. त्यांतली बरीच इंग्रजी भक्तीला जातात, काही मोठ्या हॉलमधल्या नव्या मंडळ्यांत. पडद्यावर गीत येतं, ढोलकीच्या जागी ड्रम, पास्टर सुटात, आणि सकाळी सहाला फोनवर वचन. टीका करणं सोपं आहे. त्यांचे तरुण पास्टर रात्री दोन वाजता ससूनला धावत येतात, व्यसनी पोराला हात धरून सावरतात, हे मी पाहिलंय. पण त्यातल्या काही ठिकाणी एक नवीन गोष्ट ऐकते: अभिषिक्त सेवकाला प्रश्न विचारणं म्हणजे देवाशी बंड. दशांशाचा हिशेब मागणाऱ्या माझ्या भाच्याला हे तोंडावर सांगण्यात आलं. आमच्या पाळकसाहेबांच्या वेळी वर्षाच्या सभेत पै-पैचा हिशेब वाचला जाई आणि एखादा पंच रॉकेलच्या डब्यावरून अर्धा तास घालवी. ते सगळं सोसून पाळकसाहेब तिथे बसत. प्रश्न विचारला म्हणून कुणी बंडखोर ठरलं नाही. बंडखोर म्हणावं तर आम्ही सगळेच बंडखोरांचे वंशज होतो.

म्हणून या नव्या सेवकांना माझं सरळ सांगणं आहे. रमाबाईंना गप्प करता आलं नाही, लक्ष्मीबाईंना ओढत नेता आलं नाही, गोऱ्हेशास्त्र्यांच्या शंका कुणी दडपल्या नाहीत. मराठी ख्रिस्ती मंडळी उभी राहिली ती या माणसांवर. हिशेब मागणाऱ्या पोराला हिशेब द्या.

आणि माझ्या पिढीच्या भावाबहिणींना एक विनंती. आपल्या घरातल्या जुन्या शास्त्राच्या पहिल्या पानावर जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू टाकाच्या शाईने लिहिलेले असतील. ते पुस्तक रद्दीत जाऊ देऊ नका. कोऱ्या जागेत, तुम्ही आहात तोवर, एवढी भर घाला: कुणी केव्हा कुणाला नाही म्हटलं, आणि त्याची किंमत काय मोजली.